पाचवा महिना आणि झडपेचं गणित

आमच्या कॉलेजच्या ऑफिसातल्या एका मुलीला मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तेच सांगितलं, जे काही वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं. तिलाही पाचवाच महिना आहे. तिने मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "मॅडम, तुमचं कसं झालं होतं?" थोडंफार सांगितलं मी, पण ही काय जिन्यात उभ्याउभ्या सांगायची गोष्ट आहे? आणि तिला धड उभंही राहवत नव्हतं. म्हणून लिहून काढतेय. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या आणखी कोणी असतील, त्यांच्यासाठी.

एक आधीच सांगते. माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं, पण ते गणितातलं. ह्या डॉक्टरकीचा हॉस्पिटलात काडीचाही उपयोग होत नाही. झाला तर तापच होतो.

माझं काम

रक्तवाहिनी कुठेतरी अरुंद झाली की तिच्यातून रक्त कसं वाहतं, किती दाबाने, किती वेगाने, हे कंप्युटरवर मांडायचं, ह्यात माझी पीएचडी. घाटकोपरच्या कॉलेजात सकाळी गणित शिकवायचं आणि दुपारी एका संस्थेच्या कंप्युटर सेंटरात पंचकार्डांचा खोका घेऊन बसायचं. कार्डं आत द्यायची, उत्तर येईपर्यंत चहा प्यायचा, उत्तर चुकलं की परत कार्डं पंच करायची. ह्यात माझी सगळी तरुण वर्षं गेली आणि मजेत गेली. नातेवाईक विचारायचे, "म्हणजे तू लोकांचं रक्त तपासतेस का?" माझ्या सासूबाई मुलुंडच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला सांगायच्या, "आमची सून रगताचो हिशोब करता." त्यांनी केलेली व्याख्या माझ्या थीसिसपेक्षा बरी होती.

खरं रक्त मी कधी पाहिलं असेल तर भाजी चिरताना. माझं रक्त म्हणजे समीकरण. प्रत्येक पेपरच्या सुरुवातीला आम्ही गृहीतकं लिहितो: नळी सरळ आहे, भिंती हलत नाहीत, रक्त सगळीकडे सारखं आहे, माणूस शांत पडलेला आहे. असं सगळं मानलं की मग गणित सुटतं.

रुमाल

चौथा महिना सरता सरता मला धाप लागायला लागली. कॉलेजचा तिसरा मजला गाठेपर्यंत जीव घशाशी यायचा. सगळ्या बायका म्हणाल्या, असंच असतं. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी बायलेक धाप लागतली नाय तर काय?" मलाही ते पटवून घेणं सोयीचं होतं, कारण परीक्षा तोंडावर होत्या आणि एक पेपर पाठवायचा होता. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून मी उशांवर उशा रचून बसल्याबसल्या झोपायला लागले. सुधीर, माझा नवरा, विक्रोळीच्या एका कारखान्यात इंजिनिअर. तो म्हणाला, "हे काही मला बरोबर दिसत नाहीये हं." मी त्याला उडवून लावलं. म्हटलं, तू मशीनं बघ, माझं मी बघते.

मग एके दुपारी कंप्युटर सेंटरात मला खोकला आला. तिथला एसी असा की मे महिन्यातसुद्धा शाल लागायची, म्हटलं थंडीने असेल. रुमाल तोंडाला लावला आणि बघितला, तर त्यावर गुलाबी फेस. शेजारी माझी मैत्रीण शैला बसली होती. सेंटरची प्रोग्रामर, कॉलेजपासूनची माझी यार.

"वासू, हे काय गं?"

"काही नाही."

"काही नाही काय? रक्त आहे हे!" आणि ती माझं काहीही ऐकून न घेता टॅक्सी आणायला पळाली. कार्डांचा खोका तसाच राहिला. टॅक्सीत मी तिला म्हटलं, "खोका कोणी हलवला तर कार्डांचा क्रम बिघडेल." तिने मला एक शिवी हासडली, इथे लिहिण्यासारखी नाही.

"ऐकून घ्या, क्लासिक आहे"

महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावला. मग काढला आणि पुन्हा लावला. मग "जरा थांबा हं," म्हणून तो मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली आणि मागच्या विद्यार्थ्यांना म्हणाले, "या, ऐकून घ्या सगळे. क्लासिक आहे." एकेक पोरगा, एकेक पोरगी पुढे आली आणि माझं हृदय ऐकून गेली. मीही मास्तरीण, फळ्यावर चांगलं उदाहरण मिळालं की मीही अशीच खूश होते. पण इथे उदाहरण मीच होते, आणि कोणी मला सांगत नव्हतं की नेमकं कशाचं.

शेवटी मोठे डॉक्टर स्टूल ओढून बसले. डॉक्टर उभ्याने सांगतो तेव्हा ठीक असतं. स्टूल ओढून बसला की समजावं, वाट लागली.

"लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का?"

आला होता. विक्रोळीला चाळीत राहायचो आम्ही तेव्हा. आधी घसा दुखला, मग गुडघे असे सुजले की मला उचलून न्यावं लागायचं. आईने तेल चोळलं, शेजारणी म्हणाल्या वाढीचं दुखणं आहे, महिन्याभराने मी पुन्हा लंगडी खेळायला लागले. सगळे विसरून गेले. माझी झडप विसरली नव्हती. फुफ्फुसांतून आलेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला ज्या दारातून उतरतं, ते दार एवढी वर्षं हळूहळू चिकटत चाललं होतं. आता त्यातून बोटाचं टोकही गेलं नसतं. एरवी कसंबसं चाललं होतं. पोटात बाळ वाढलं, अंगातलं रक्त वाढलं आणि दार पुरेनासं झालं. रक्त मागे फुफ्फुसांत तुंबायला लागलं. रुमालावर आलं ते तेच.

ज्यांच्या घरात पोरं आहेत त्यांना एवढंच सांगते. घसा दुखून ताप आला आणि मग सांधे सुजले, तर तेल चोळत बसू नका. डॉक्टरकडे न्या. माझ्या आईला हे कोणी सांगितलंच नव्हतं, तर तिची काय चूक? हे मी तिला शंभरदा सांगितलं. तिला पटलं नाही.

घाबरायचं नाही, ह्याची भीती

मला तिथेच ठेवून घेतलं. पलंगावरून उतरायचं नाही, मीठ नाही, लघवीच्या गोळ्या, नाडी हळू करायच्या गोळ्या. पहाटे थर्मामीटर, मग अळणी उपमा, मग राउंड, मग पुन्हा विद्यार्थ्यांची रांग. डॉक्टर म्हणाले, "नाडी वाढू द्यायची नाही. धावपळ नाही, रडारड नाही, आणि मुख्य म्हणजे घाबरायचं नाही."

दुसऱ्या कुणी बाईने हे वडीलधारं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. पण मला त्यातलं गणित कळलं आणि तिथेच मी फसले. हृदय जितकं भराभर चालतं, तितकं ते दार कमी वेळ उघडं राहतं. कमी वेळात तेवढंच रक्त त्या फटीतून ढकलायचं तर मागचा दाब चढतो, आणि सरळ नाही, वर्गाने चढतो, दुप्पट वेगाला चौपट. म्हणजे मी घाबरले की नाडी वाढणार, नाडी वाढली की फुफ्फुसं भरणार, श्वास कोंडला की मी आणखी घाबरणार. आमच्या प्रोग्रामात असं झालं की आकडे फुगत फुगत जातात आणि मशीन थांबतं.

मग मी दिवसभर मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला लागले. शंभराच्या वर गेली की घाम फुटायचा आणि घाम फुटला की ती आणखी वर जायची. राणे सिस्टर, वॉर्डच्या मोठ्या सिस्टर, येता-जाता माझा हात खाली ओढायच्या. "सोड ते! मोजायला आम्हाला पगार मिळतो." सुधीरने माझं घड्याळ काढून नेलं तर मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वाकडी करून मोजायला लागले. शेवटी राणे सिस्टरने माझा पलंगच फिरवला.

पण पलंग फिरवला म्हणून डोकं थोडंच फिरतं? मी शैलाला म्हटलं, "माझा प्रोग्राम चालवून आण. झडपेचा आकार मी देते, डॉक्टरांच्या अंदाजाने. नाडी ऐंशीपासून वर घे. आणि रक्ताचा प्रवाह सातव्या-आठव्या महिन्याचा धर."

"वेडी आहेस का? नाही आणणार."

"शैला, मला माहीत नसलं तर मी जास्त घाबरते."

ती दोन दिवसांनी आली, चेहरा पाडून. "मला हे करायला लावायला नको होतंस तू यार," म्हणाली आणि कागद माझ्या पांघरुणावर ठेवला. सातव्या महिन्याच्या ओळींत नाडी थोडीशी वाढवली तरी फुफ्फुसांतला दाब माणसाला झेपेल त्याच्या पुढे जात होता. म्हणजे थांबले तर बाळ बाहेर येण्याइतकं मोठं व्हायच्या आतच मी बुडणार होते. पाण्यात नाही, स्वतःच्याच रक्तात.

डॉक्टरांचा प्रश्न

तो कागद मी मोठ्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी नीट बघितला, हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणाले, "मलाही असंच वाटतंय. गोळ्यांनी भागत नाहीये. झडप मोकळी करावी लागेल, आणि आत्ताच, पाचव्या-सहाव्यात." मग त्यांनी विचारलं, "ह्यात पोटातलं बाळ कुठे आहे?"

"ह्यात नाही."

"मग माझ्याकडेही त्याचं गणित नाही. तुमच्याबद्दल मी बऱ्यापैकी खात्रीने बोलू शकतो. बाळ ऑपरेशनमधून तरेल की नाही, ते शब्द देऊन सांगता येणार नाही. बरीच तरतात. काही जातात."

ऑपरेशन करणारे सर्जन दुसऱ्या दिवशी आले. जाडजूड बोटांचा माणूस. बरगड्यांच्या मधून जाऊन, चालू हृदयात बोट घालून ती चिकटलेली झडप ते उघडणार होते.

"म्हणजे बघून?"

"बघता येत नाही. रक्त असतं ना आत. चाचपून."

"किती उघडाल?"

"बोटाला कळेल तेवढी."

मी दशांश चिन्हापुढच्या घरांसाठी भांडणारी बाई. पण ह्या माणसाने त्या दारात शेकडो वेळा बोट घातलं होतं आणि मी एकदाही नाही, हेही खरं होतं. शेजारच्या पलंगावरच्या गोवंडीच्या बाईचं ऑपरेशन आदल्याच आठवड्यात झालं होतं. तिने ब्लाउजचं टोक सरकवून मला टाके दाखवले. "बघ. धड आहे ना मी? चार जिने चढीन आता. पण ह्यांनी पलंगावरच बसवलंय." त्या दिवशी मला मिळालेला सगळ्यात मोठा दिलासा हाच.

घरातलं

घरी मात्र भडका उडाला. सासूबाईंना वाटत होतं, बाळंतपण होऊ द्यावं, मग काय फाडायचं ते फाडा. पोटुशी बाईच्या काळजाला हात घालतात हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. भेटायच्या वेळेत त्या आल्या, उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "तुका आपलो जीव मोठो झालो." आणि निघून गेल्या.

मला रडायला बंदी होती. मी दात आवळून पडून राहिले आणि मनातल्या मनात त्यांना खूप बोलले. सुधीर मध्ये चेपला गेला होता. त्याच्या आईसमोर मी त्याला अहो म्हणते, एरवी तू. त्या संध्याकाळी मी त्याला विचारलं, "तुला काय वाटतं? खरं सांग."

तो पलंगाच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "मला दोघं पाहिजेत. पण आधी तू. हे मी आईला सांगितलंय, म्हणून ती तशी बोलली. तुझ्यावरचा राग नव्हता तो." सहीचा कागद आला तेव्हा माझ्या सहीखाली त्याने सही केली. 

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई पुन्हा आल्या. पिशवीत नारळ. आमच्याकडे असं काही संकट आलं की गावच्या देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाला सगळं मोठ्याने सांगतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. खरं तर हे घरच्या कर्त्या पुरुषाचं काम. सासरे वारलेले, आणि सुधीरला मालवणी धड येत नाही. तेव्हा पदर खोचून त्याच उभ्या राहिल्या, वॉर्डात, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी.

"बा देवा म्हाराजा! उद्या माझ्या सुनेची छाती उघडतले. डॉक्टराच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

सुधीर खाली बघत होता. मग कोपऱ्यातल्या पलंगावरून एक म्हातारी आवाज चढवून म्हणाली, "व्हय म्हाराजा!" वेंगुर्ल्याची निघाली ती.

"कोणाच्या तोंडातसून वायट शब्द गेलो असात तर तो पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी गोवंडीच्या बाईनेही सूर मिळवला. तिला एक अक्षर कळत नव्हतं.

"पयली हिका राख. मगे हिच्या पोटातल्याक राख रे म्हाराजा!"

अख्खा वॉर्ड ओरडला, "व्हय म्हाराजा!" राणे सिस्टर दारात उभ्या होत्या. नियमाप्रमाणे त्यांनी सगळ्यांना गप्प करायला हवं होतं. मी बघितलं, त्यांचेही ओठ हलले. सासूबाईंनी नारळ माझ्या उशाशी ठेवला आणि माझ्याकडे न बघता पांघरुणाची घडी सारखी करत बसल्या. पयली हिका, असं त्या म्हणाल्या होत्या. मला उमाळा आला आणि मी तो गिळला, कारण नाडी.

ती दुपार

ऑपरेशनचं मला काहीच सांगता येणार नाही. हातात सुई गेली आणि छत विरघळलं. जाग आली तेव्हा डाव्या कुशीत सुऱ्या खुपसल्यासारखं दुखत होतं आणि बरगडीतून एक नळी बाहेर आली होती. पण मला श्वास घेता येत होता. इतका आत, इतका खोल, की मला वाटलं हवा कुठे ठेवू? सर्जन येऊन म्हणाले, "छान उघडली. दोन बोटं गेली." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले.

बाळाबद्दल कोणी काही बोललं नाही. मी विचारलं नाही. पोट तसंच होतं, पण आत काही हलत नव्हतं. गुंगीमुळे मला कळत नसेल, की हलणारं कोणी उरलंच नसेल? मी पहिल्यांदाच स्वतःची नाडी मोजली नाही. माझ्या नाडीशी मला आता काही घेणं नव्हतं.

राणे सिस्टर आल्या. हातात कर्ण्यासारखी छोटी नळी, पोटाला लावून ऐकायची. त्यांनी ती टेकवली, कान लावला. मग जरा खाली लावली. मग उजवीकडे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या कपाळाला आठी होती. पुन्हा जागा बदलली.

"हलू नकोस. श्वास रोखून धर."

मी धरला. त्यांनी छातीवर टाचलेलं घड्याळ उलटं करून बघितलं. ओठ हलवत त्या मोजत होत्या. मग सरळ उभ्या राहिल्या.

"एकशे चाळीस," त्या म्हणाल्या.

एकशे चाळीस! शैलाच्या त्या कागदावर एवढ्या वर आम्ही गेलोच नव्हतो, त्याच्या कितीतरी आधी माणूस संपत होता. मी त्यांचा हात धरला. नळ्या ओढल्या गेल्या. "सिस्टर, कमी करा! डॉक्टरांना बोलवा! औषध द्या काहीतरी, लवकर!"

"काय कमी करू?"

"नाडी! बाळाची नाडी! जाईल ते!"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. आणि मग हसायला लागल्या. इतक्या मोठ्याने की पलीकडची शिकाऊ नर्स औषधाचा ट्रे घेऊन धावत आली. "अगं मास्तरीणबाई! रक्तात डॉक्टर ना गं तू? पोटातल्या बाळाची एवढीच असते! ऐंशी लागली असती ना, तर मी अशी उभी राहिले असते का? मघाशीच धावले असते. मस्त आहे तुझं बाळ. घोड्यासारखं दौडतंय!"

मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं रक्त, रक्त केलं, आणि हे मला माहीत नव्हतं. तपासायला गेले की डॉक्टर पोटाला कान लावून "ठीक आहे" म्हणायच्या. मी आकडा विचारला तो फक्त माझा.

मला रडू आलं आणि सवयीने मी ते गिळलं. राणे सिस्टरने ते बघितलं. त्यांनी एक उशी उचलली आणि माझ्या टाक्यांवर दाबून धरली.

"आता दार उघडलंय तुझं. रड. पण ही घट्ट धरून रड, नाहीतर टाके ओढतील."

मी उशी छातीशी कवटाळली आणि भोकाड पसरलं. नाडी किती झाली असेल, देव जाणे.

दिवस भरल्यावर मुलगी झाली, चिमटा लावून, पण धडधाकट. तो दिवस सोपा होता आणि घरचे सगळे तोच तिचा वाढदिवस म्हणून करतात. मला विचाराल, तर ती मला त्या दुपारीच झाली.